डिशवरचा चिखल

खरातसर ऑफिसच्या दारात आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "लाइन हाय का?" नमस्कार नाही, चहापाणी नाही. मी "हाय, सर" म्हटलं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. खुर्ची ओढून ते स्वतः पडद्यावरची हिरवी रेघ बघायचे, मग खिशातून चिमूटभर बडीशेप काढून तोंडात टाकायचे आणि तेव्हा कुठे त्यांचे खांदे जरा खाली यायचे. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. एवढाच अविश्वास असेल तर मला विचारता कशाला, असं एकदा मी तोंडावर म्हटलंही. ते म्हणाले, "विचारून घ्यावं, मंदाबाई. माणसाला बरं वाटतं."

टेंभुर्णीत बसस्टँडच्या मागे आमचं ऑफिस होतं. मी तक्रारींच्या फोनवर बसायचे. आम्ही घरोघरी इंटरनेट देत नव्हतो. आसपासच्या गावांत जे केबलवाले ते देतात, त्यांना आम्ही लाइन पुरवायचो. थोडक्यात आम्ही मोंढ्यातले ठोक व्यापारी आणि ते गावातले किरकोळ दुकानदार. आम्हाला स्वतःला लाइन जालन्याहून यायची, रस्त्याच्या कडेनं पुरलेल्या एका फायबरमधून. आणि हा रस्ता रुंद करायचं काम चाललेलं. ते आपल्या हयातीत संपेल असं आमच्याकडे कुणालाच वाटत नव्हतं. पोकलेननं दात मारला की फायबर तुटायची आणि पंचवीस-तीस गावं एका झटक्यात गप्प व्हायची. मग माझा फोन जो वाजायला लागायचा, त्यातून मी इतक्या शिव्या शिकले की माहेरी बोलताना जपून बोलावं लागायचं.

यावर उपाय म्हणून खरातसरांनी मालकांच्या मागे लागून ऑफिसच्या मागच्या मोकळ्या जागेत एक मोठी पांढरी डिश उभी करून घेतली होती. ती उपग्रहाकडून लाइन घ्यायची. लाइन बारीक आणि खर्चा दांडगा, पण तिला कुठलं पोकलेन तोडू शकत नव्हतं. फायबर गेली की सगळी गावं डिशवर यायची. मालकांना तो खर्चा डोळ्यांवर यायचा. केबलवाल्यांना त्यातला वाटा द्यावा लागायचा, त्यामुळे तेही कुरकुरायचे. डिश हवी होती ती एकट्या खरातसरांना.

सर उंच, वाळके आणि मान जरा पुढे काढलेले. सतत काहीतरी बिनसणार आहे आणि ते आपल्यालाच आधी कळलं पाहिजे, अशी ती मान. डिप्लोमा करून ते बरीच वर्षं सरकारी टेलिफोन खात्यात होते, तिथून लवकर निवृत्त होऊन आमच्याकडे आले. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. सर म्हणायचे, "बाप आभाळाकडं पाहून मुक्काम हलवायचा. मीबी तेच करून राह्यलो, फक्त पगार घेऊन." आणि खरंच, दिवसातून दहादा बाहेर जाऊन ते आभाळ बघायचे. ढग आले की आमच्यावर चिडायचे, जणू आम्हीच बोलावलेत.

खोदकाम आमच्या फायबरच्या जवळ आलं की सरांचं वागणं बघण्यासारखं असायचं. छत्री आणि प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन ते पोकलेनसमोर जाऊन बसायचे. ड्रायव्हर कुठला, घरी कोण, जेवण झालं का, सगळं विचारायचे. चहा पाजायचे. मग हळूच म्हणायचे, "भाऊ, हितून माझी केबल गेली हाय. तुझ्या हातात हाय सगळं." यंत्र पुढे सरकलं की स्टूल उचलून तेही पुढे. एका ड्रायव्हरनं तर मला विचारलं, "ताई, हे साहेब ठेकेदाराचे का कुणाचे?" मी म्हटलं, "केबलचे."

रोज दुपारी डबा खाऊन झाला की ते बदनापूरला घरी फोन लावायचे. "आई, जेवलीस का? मी जेवलो. मेथी व्हती. हितं ऊन लई हाय." मग बराच वेळ गप्प. मग "बरं, ठेवतो." पलीकडून कधी आवाज आलेला मी ऐकला नाही. मला वाटायचं, म्हातारी रुसलेली असेल. पुढे भगवाननं सांगितलं. भगवान म्हणजे आमचा टॉवरवर चढणारा, तारा ओढणारा माणूस, सरांचा उजवा हात. तो म्हणाला, सरांच्या आईला झटका आला त्या दिवशी अशीच केबल तुटली होती आणि त्या भागातले सगळे मोबाइल टॉवर त्याच केबलवर. भाऊ फोन लावत राहिला, गाडीवाल्याला लागेना, दवाखान्याला लागेना, सरांना लागेना. म्हातारी वाचली, पण वाचा गेली. सर माझ्याशी यावर एकदाच बोलले, तेही पडद्यावरची नजर न काढता. "मंदाबाई, त्या दिवशी सगळी गावं एका दोऱ्यावर टांगल्याली व्हती. दुसरा दोरा पाह्यजे. बस, बाकी माझं काही म्हणणं न्हाई." त्या दिवसापासून मी त्यांच्या "लाइन हाय का" वर कधी चिडले नाही.

डिशवरची लाइन सगळ्यांना एकदम पुरायची नाही. सगळे एकदम तुटून पडले तर कुणालाच काही मिळत नसे. सरांनी त्यावर आपल्या लोकांना कळेल असा मार्ग काढला. विहिरीला पाणी कमी असलं की भाऊबंद पाळी लावून भिजवतात, तशी त्यांनी लाइनची पाळी लावली. आधी या गावांना, थोड्या वेळानं त्या गावांना. कुणाची ऑनलाइन परीक्षा असेल, दवाखान्याचं काम असेल, तर त्याची पाळी आधी. आणि आमच्या ऑफिसची शेवटी. केबलवाल्यांत शेषरावतात्या म्हणून एक मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते, त्यांना यात नेहमी काळंबेरं दिसायचं. एकदा ते तणतणत ऑफिसात आले. "सर, मला मागं ठिवून राह्यले तुम्ही. वशिल्याचे लोक पुढं!"

सर उठले आणि त्यांनी आपली खुर्ची तात्यांना दिली. "बसा. आज पाळी तुम्ही लावा. मी फोनवर बसतो."

तात्या मोठ्या तोऱ्यात बसले. तासाभरात त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचा फोन आला, मग गावच्या सरपंचाचा, मग आणखी कुणाकुणाचा. तात्या घामाघूम. शेवटी उठून म्हणाले, "तुमचं तुमीच बघा. घरात भांडणं लागायची माझ्या." गेले खरे, पण डिश म्हणजे फुकटचा खर्चा, हे पालुपद त्यांनी सोडलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडाला आणि दसऱ्याच्या आसपास, असे काही दिवस येतात की सकाळी अकराच्या सुमाराला सूर्य आमच्या उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. तेवढी काही मिनिटं डिशची लाइन जाते, मग सूर्य सरकला की आपोआप येते. सरांनी हे पहिल्यांदा केबलवाल्यांना सांगितलं तेव्हा सगळे हसले. तात्या म्हणाले, "सूर्य तर रोजच येतो की, सर." सर म्हणाले, "जत्रंत कानाशी ढोल वाजत असला तर कुणी हळू सांगितल्यालं ऐकू येतं का? सूर्य हा ढोल हाय. थोडा वेळ थांबा, पुढं जातो तो." ढोलाचं सगळ्यांना पटलं.

त्या वर्षी पावसाळाभर फायबर एकदाही तुटली नाही. सरांना याचा आनंद व्हायला हवा होता, पण उलटंच झालं. मालक म्हणाले, "खरात, डिश नुसती उभी हाय. गिऱ्हाईक आलंय, दिवाळीपर्यंत इकून टाकू." केबलवाल्यांनी माना डोलावल्या. सर भांडले, समजावलं, एकदा तर रागानं जेवणाचा डबा तसाच खोलीवर घेऊन गेले. मालक ऐकेनात. एवढंच म्हणाले, "दिवाळीपर्यंत एकदा तरी तिची गरज पडू द्या, मंग बघू." गरज पडावी अशी सर कशी इच्छा करणार? त्या महिन्यात त्यांची मान आणखी पुढे आली होती.

खंडेनवमीला डिशची पूजा करायची पद्धत सरांनीच पाडलेली. दरवर्षी ते ती स्वतः धुवायचे, कुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे आणि भगवानला म्हणायचे, "जे आपल्याला पोसतं त्याला वर्षातून एकदा तरी हातानं पुसावं." त्या वर्षी आईची तब्येत बरी नव्हती म्हणून ते आधीच बदनापूरला गेले. पूजा भगवानवर आली. डिश विकली जाणार याचं भगवानला सरांइतकंच वाईट वाटत होतं. त्यानं ठरवलं, तिला अशी नटवायची की मालकांचं मन बदललं पाहिजे. टॉवरला लावायचा चंदेरी रंग शिल्लक होता. त्यानं डिशला आतून-बाहेरून दोन हात दिले, नटबोल्टांसकट. हार घातला, नारळ फोडला. डिश लग्नातल्या ताटासारखी चमकत होती. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं, मालकांनी फोटो काढला.

दसरा ढगांतच गेला आणि दुसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात, सकाळी फायबर तुटली.

सगळी गावं डिशवर आली. मी पाळी लावली, पण बऱ्याच महिन्यांत सवय मोडलेली, लोक ओरडायला लागले. केबलवाले एकेक करून मोटारसायकलवर ऑफिसात येऊन धडकले. तात्या सगळ्यांत पुढे. मालकही आले. इतक्यात सर जीपमधून उतरले. मी दारातच "लाइन हाय, सर, डिशवर" म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी विचारलंच नाही. ते फाटकापाशीच उभे होते आणि डिशकडे बघत होते.

"हे कुणी केलं?"

"मी, सर," भगवान हसत पुढे आला. "दोन हात दिले."

सरांनी घड्याळ बघितलं, मग आभाळ. त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला. डिशचा मूळचा रंग पांढरा, खरखरीत असतो. त्यावर ऊन पडलं तर विखरून जातं. भगवाननं तिचा आरसा करून ठेवला होता. सूर्य उपग्रहामागे आला की हा आरसा सगळं ऊन गोळा करून डिशच्या तोंडावर टाकणार, लहानपणी आपण भिंगानं कागद जाळायचो तसं. डिशचं तोंड म्हणजे समोर दांड्यांवर धरलेला तो भाग, ज्यातून सगळी लाइन जाते-येते. तो जळाला तर डिश संपली. नवीन तोंड मालकांनी कधीच मागवलं नसतं. सरांनी हे सगळं चार वाक्यांत सांगितलं आणि अकरा वाजतच आले होते.

"मंग बंद करा ना तिला!" मालक म्हणाले.

"बंद करून सूर्य बंद व्हतो का?"

पाना-पक्कड घेऊन भगवान धावला. डिश जराशी वळवली तरी भागलं असतं, पण रंगानं नटबोल्ट चिकटून बसले होते. पाना घसरायला लागला. सर ओरडले, "ताडपत्री आणा!" कुठून आणणार? गावातल्या सगळ्या ताडपत्र्या त्या दिवसांत सोयाबीनच्या ढिगांवर. डिशच्या समोर, तोंडावर एक पांढरा डाग दिसायला लागला होता आणि बघता बघता तो लहान आणि प्रखर होत चालला होता.

पाण्याच्या टाकीखाली काळ्या मातीचा चिखल साचलेला असायचा. सरांनी घमेलं भरलं, शिडी डिशला लावली आणि पहिली मूठ हारावरच बसली.

"अहो सर!" तात्या किंचाळले. "परवाच पूजा झाली हाय तिची. पाप लागंल!"

"लागू द्या. माझ्या नावानं लागू द्या. फेका, जल्दी!" सर शिडीवर चढत म्हणाले. "पर डिशकडं पाहू नका. बिलकुल पाहू नका. माना खाली घाला आन् नुसतं फेका."

आधी भगवान आला आणि त्यानं एका हातानं शिडी धरली. मग मालक, मग तात्या, मग सगळेच. मान खाली घालून, डोळे मिटून, मोठमोठी माणसं चिखलाचे गोळे फेकत होती. निम्मे सरांच्याच पाठीवर बसत होते. सर शिडीवर उभे राहून दोन्ही हातांनी ती चमक लिंपत होते. कुठे उरलंय ते बघायचे, तिथे हात मारायचे, "घमेलं द्या" म्हणून खाली ओरडायचे. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. डिशच्या तोंडातून धुराची बारीक रेघ निघाली. मला रडू फुटलं. तेवढ्यात चमक विझली आणि समोर उभी राहिली नुसती काळी, ओली, ओबडधोबड डिश.

आत पडद्यावरची रेघ तळाला गेली होती. ते तसं जाणारच होतं. प्रश्न एवढाच होता की सूर्य सरकल्यावर, चिखलाच्या थरातून का होईना, ती परत वर येते का. सगळे खिडकीशी गोळा झाले. सर शिडीवरून उतरले, उपड्या घमेल्यावर बसले आणि आत आलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मंदाबाई, तुम्हीच बघा. मला सांगा."

मी बघत राहिले. इतका वेळ गेला की मनात मी सगळ्या गावांना फोन करून काय सांगायचं ते ठरवलंही. मग रेघ हलली, जराशी वर आली, परत पडली, आणि हिरवी झाली.

"आली, सर!"

"बराबर बघितलं?"

"बराबर."

"मंग पाळी लावा. पहिली तात्याची."

तात्यांनी चिखलाचे हात तसेच मालकांसमोर धरले. "मालक, डिश इकली तर माझीबी लाइन आजपासून बंद करा." बाकीच्यांनी हो ला हो केलं आणि दिवाळीच्या गिऱ्हाइकाचा विषय तिथेच मिटला. संध्याकाळी फायबर जोडून आली. सरांचं धाडस संपलं आणि ऐन वेळी पडद्याकडे बघायला ते घाबरले, यावर आम्ही पोटभर हसलो. सरही हसले.

पुढच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की सर मान तिरकी करून बघतात, कोंबडी बघते तशी. मी त्यावरही चेष्टा केली. मग एक दिवस ते हळूच म्हणाले, "मंदाबाई, जालन्याला डॉक्टरकडं येता का माझ्याबरोबर? बसची पाटी वाचता येत न्हाई." डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग उन्हानं भाजला होता. कडेचं दिसणार, समोरचं नाही. चष्मा नाही, ऑपरेशन नाही, उपायच नाही. मला शिडीवरचे ते हात आठवले. आम्हाला माना खाली घालायला लावून ते एकटेच डिशकडे बघत होते. उतरले तेव्हा त्यांना पडदा दिसतच नव्हता. आम्ही हसलो होतो ते यावर. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

सर म्हणाले, "ऑफिसात मोतीबिंदू म्हणून सांगा."

"का सर? खरं का नाही सांगायचं?"

"भगवाननं रंग लावला तो माझ्याच शिकवणीनं. त्याला रोज टॉवरवर चढायचं हाय. मनात हे घिऊन चढला आन् हात सुटला, तर? त्याला लेकरं हाईत, बाई."

मी मोतीबिंदू म्हणून सांगितलं. सर महिनाअखेर नोकरी सोडून बदनापूरला जायला निघाले. त्यांना अक्षर दिसत नाही, म्हणूनच आज हे लिहायचं धाडस मी करते आहे.

निघायच्या दिवशी भगवान मोटारसायकल घेऊन आला. थेट बदनापूरला सोडतो म्हणाला. सर मालकांचा निरोप घ्यायला आत गेले होते. भगवान सरांची पिशवी गाडीच्या टाकीवर बांधत होता. मी उगाच बोलायचं म्हणून म्हटलं, "मोतीबिंदूचं एवढं काही नसतं. ऑपरेशन झालं की येतील."

भगवाननं गाठ ओढली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मला ठाऊक हाय. शिडी मीच धरल्याली व्हती. उतरताना पायरी चाचपत व्हते ते. पर मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका. त्यांच्या जिवाला लागंल."

सर बाहेर आले. भगवान मोठ्यानं म्हणाला, "चला सर. ऑपरेशन झालं की जल्दी परत यायचं, बरं का!"

"येतो की," सर म्हणाले. "न यायला काय झालं?"

ते मागे बसले. फाटकाबाहेर पडताना भगवान सांगत होता, पुढं खड्डा हाय सर, धरून बसा. सर म्हणाले, "दिसतोय मला." आणि त्यांनी चाचपत भगवानचा खांदा शोधला. भगवान तेवढा वेळ गाडी हळू चालवत राहिला.